खोट्या माशांचे घरगुती कारखाने

गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावून पाण्याकाठी बसून राहायचं, याला कोकणात 'गरवणं' म्हणतात. ज्यांचं बालपण खाडीकाठी गेलं त्यांना गरी, तंगूस आणि ताटकळणं हे वेगळं समजावून सांगायला नको. पण मासेमारीची आणखी एक तऱ्हा आहे. तिच्यात गळाला खाण्याजोगं काहीच नसतं. असतो तो लाकडाचा, प्लास्टिकचा, पिसांचा नाहीतर रबराचा एक खोटा मासा, आणि खऱ्या माशानं त्याच्यावर झडप घालावी अशी अपेक्षा असते. या खोट्या माशाला इंग्रजीत 'ल्यूर' म्हणतात. 'भुलावण' हा आपला शब्द त्याला शोभला असता, पण सोयीसाठी मी ल्यूर असंच म्हणणार आहे.

अमेरिकेत या ल्यूरचा मोठा धंदा आहे. दुकानांतल्या भिंतीच्या भिंती त्यांनी भरलेल्या असतात. मला मात्र दुकानातून तो घरी आल्यावर काय होतं यात जास्त रस आहे. घरी आल्यावर माणूस तो नवाकोरा ल्यूर खोक्यातून काढतो, पक्कड घेतो, पॉलिश पेपर घेतो, बायकोची नेलपॉलिशची बाटली उचलतो आणि कारखान्यानं केलेलं काम बदलायला बसतो. हा उद्योग बराच जुना आहे. आणि माझं मत विचाराल तर, बास नावाच्या माशाच्या मासेमारीतल्या बहुतेक मोठ्या सुधारणा अशा घरगुती टेबलांवरच झाल्या. कारखाने मागून आले.

आधी या बासची ओळख करून देतो. रायगडकडच्या मंडळींचे कान लगेच टवकारतील, कारण आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात. पण नावापलीकडे दोघांचं नातं नाही. अमेरिकेतला 'लार्जमाउथ बास' हा गोड्या पाण्यातला मासा. त्याचा जबडा इतका मोठा, की त्याचा कोपरा डोळ्याच्याही मागे जातो. हा पाठलाग करून दमणारा शिकारी नव्हे. बुडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला, पाणवनस्पतींच्या कडेला तो दबा धरून बसतो. समोरून काही हललं की जबडा उघडतो, आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं. माशाला हात नाहीत. वस्तू काय आहे हे तो तोंडात घेऊनच पाहतो आणि पटलं नाही तर क्षणात थुंकतो. म्हणजे त्याला फसवायचं तर दिसण्याइतकीच हालचालही साधावी लागते. ल्यूरच्या साऱ्या इतिहासाचं मूळ या एका गोष्टीत आहे.

विल्यम बार्ट्रम नावाचा फिलाडेल्फियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १७७३ ते १७७७ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडला. त्याचं प्रवासवर्णन १७९१ साली छापलं गेलं. त्यात फ्लोरिडातल्या एका मासेमारीचं वर्णन आहे. तीन मोठे गळ पाठीला पाठ लावून बांधायचे, त्यांच्यावर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, लाल पट्ट्याच्या चिंध्या आणि रंगीबेरंगी पिसं बांधायची. मुठीएवढा गोंडा तयार होतो. होडीत दोघं जण असतात. मागचा होडी हळूच वल्हवतो, पुढचा लांब काठीनं तो गोंडा पाण्यावर नाचवतो. बार्ट्रम या माशाला ट्राउट म्हणतो, कारण दक्षिणेत बासला तेच नाव होतं. म्हणजे लाल चिंधी आणि हरणाचे केस ही बासच्या ल्यूरची सर्वांत जुनी लेखी कृती. तिच्यात विकत आणायचं ते फक्त गळ!

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगन राज्यातल्या डोवाजिॲक गावी जेम्स हेडन नावाचा एक मधमाश्या पाळणारा गृहस्थ होता. तो तळ्याकाठी चाकूनं लाकूड तासत बसला होता, उरलेला तुकडा त्यानं पाण्यात भिरकावला आणि एका बासनं त्याच्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. न्यूटनच्या सफरचंदासारखीच ही गोष्ट. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. खरं इतकं, की हेडननं हातानं कोरलेले लाकडी बेडूक संग्राहकांकडे आजही आहेत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच गावात त्याच्या नावाचा मोठा कारखाना उभा राहिला.

मग आली १९२९ नंतरची महामंदी. त्या दिवसांत ल्यूर ही चैनीची वस्तू होती. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या शेतकऱ्यानं माँटगोमेरी तळ्यात एक बास धरला. वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून थोडं जास्त. त्याच्या गळाला इंडियानातल्या क्रीक चब कंपनीचा लाकडी मासा होता. जगातला सर्वांत मोठा बास म्हणून त्या माशाची नोंद झाली. पेरीच्या घरच्यांनी तो रांधून खाल्ला. पेरीसारख्या लोकांना ल्यूर हरवणं परवडत नसे. तुटलेला ओठ पत्र्याचा करून बसवणं, उडालेला रंग पुन्हा लावणं, झाडूच्या जुन्या दांड्याचा तुकडा तासून नवा मासा करणं हे गरजेपोटी होत होतं. छंद वगैरे नंतरचं.

गरिबीचाच आणखी एक नमुना अमेरिकेबाहेरचा आहे, पण तो पुढे अमेरिकेत आला म्हणून सांगतो. फिनलंडमधल्या पायेन्ने तलावावर लाउरी रापाला हा मच्छीमार पोटासाठी मासे धरत असे. वल्हवता वल्हवता त्यानं पाहिलं, की मोठे मासे लहान माशांच्या थव्यातल्या नेमक्या त्याच माशावर तुटून पडतात, जो जरा वाकडा, लंगडत पोहतो. १९३६ साली त्यानं चांभाराच्या रापीनं बुचाचा मासा कोरला. त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली. वर लावायला लाखेचं रोगण नव्हतं, म्हणून फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून तो थर चढवला. युद्धकाळात बूच मिळेना तेव्हा त्यानं झाडाची साल कोरली. त्या माशाची सगळी करामत त्याच्या जखमी चालीत होती. १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'लाइफ' साप्ताहिकानं त्याच्यावर लेख छापला. मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा तो अंक घरोघर गेला आणि फिनलंडच्या या माशाला अमेरिकेत मागणी पुरी पडेना. तो पाइक आणि ट्राउटसाठी जन्मला होता, पण बासवाल्यांनी त्याला आपलासा केला.

मऊ प्लास्टिकचं गांडूळही घरातच जन्मलं. ओहायोतलं ॲक्रन हे मोटारींच्या टायरचं गाव. तिथं निक क्रीम नावाचा यंत्रकामगार राहत असे. १९४९ मध्ये त्यानं आणि त्याची पत्नी कॉस्मा हिनं घरच्या स्वयंपाकघरात व्हिनिल, तेल आणि रंग शिजवून ते साच्यात ओतलं आणि हुबेहूब लिबलिबीत गांडूळ बाहेर काढलं. हे सुरुवातीला विकलं जाई ते गळांच्या साखळीसह, मणी आणि छोटा पंखा लावून. आता पाहा गंमत. टेक्सासमधल्या लोकांनी ते मणी, तो पंखा, ती साखळी सगळं काढून फेकलं. एकच गळ ठेवला आणि त्याचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवलं, म्हणजे ते बुडलेल्या फांद्यांत अडकणार नाही. पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिशाचं वजन ओवलं. वजन दोऱ्यावर सरकू नये म्हणून त्याच्या भोकात दात कोरायची काडी खुपसून मोडून टाकली. या जोडणीला आज जगभर 'टेक्सास रिग' म्हणतात. कारखान्याच्या मालातून काहीतरी वजा करून झालेली ही सुधारणा आहे, आणि मला ती फार आवडते.

पण टेक्सासमध्ये बुडलेल्या फांद्या एवढ्या आल्या कुठून? धरणांमुळे. टेनेसी नदीच्या खोऱ्यात १९३३ साली सरकारी प्राधिकरण स्थापन झालं आणि १९३६ साली नॉरिस धरण पुरं झालं. त्यापायी सुमारे तीन हजार कुटुंबांना उठावं लागलं, लॉयस्टन नावाचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची घरं गेली त्यांना यात नवं काही वाटणार नाही. दक्षिणेतल्या राज्यांत पुढची तीस-चाळीस वर्षं अशी धरणं होत राहिली. माणसं उठली आणि बास सुखावला. बुडालेली झाडं, कुंपणांचे खांब, जुने रस्ते, दबा धरायला आणखी काय हवं? मासेमारी करणाऱ्याला मात्र हे पाणी अवघड. तीन तोंडांचे दोन-दोन गळ लटकवलेला लाकडी मासा तिथं टाकला की तो खोडात रुतलाच.

यावर उत्तर शोधलं पूर्व टेनेसीतल्या फ्रेड यंग यानं. साठच्या दशकाच्या अखेरीस पाठीच्या दुखण्यामुळे तो घरी बसून होता. बसल्या बसल्या तो बाल्सा लाकडाचे मासे कोरू लागला. बाल्सा म्हणजे शाळेतली मुलं विमानांचे नमुने करतात ते पिसासारखं हलकं लाकूड. यंगचा मासा लठ्ठ, गोल पोटाचा होता आणि त्याच्या ओठाची पट्टी पुढून चौकोनी कापलेली होती. दोरा ओढला की तो डोकं खाली घालून बुडतो, ओठ आधी खोडावर आपटतो आणि चौकोनी कोपऱ्यामुळे सगळा मासा एका अंगाला उसळतो. गळ मागे, लठ्ठ पोटाच्या आडोशाला राहतात. ओढणं थांबवलं की हलकं लाकूड त्याला झटकन वर आणतं. त्या उसळीच्या क्षणीच बास तुटून पडतो. यंगला ओडिस नावाचा धिप्पाड भाऊ होता. त्याच्यावरून या माशाचं नाव पडलं 'बिग ओ'.

यंग प्रत्येक मासा हातानं करी आणि त्याच्यावर क्रमांक घाली. त्याच सुमारास, १९६७ साली, रे स्कॉट या विमा विकणाऱ्या माणसानं अर्कान्सासमधल्या बीव्हर तलावावर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बासवाल्यांची संघटना काढली. स्पर्धा म्हटल्यावर बक्षिसं आली आणि लपवाछपवीही आली. यंगचे मासे इतके दुर्मिळ झाले की स्पर्धक अनामत रक्कम ठेवून ते दिवसाच्या भाड्यानं नेऊ लागले. लाकडाचा मासा भाड्यानं! १९७२-७३ च्या सुमारास कॉटन कॉर्डेल या अर्कान्सासच्या कारखानदारानं यंगशी करार करून तो प्लास्टिकमध्ये आणला आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक नग खपले. मग बॅगलीचा 'बाल्सा बी', नॉर्मनचा 'बिग एन', बॉम्बरचा 'मॉडेल ए' अशी अक्षरांची रांगच लागली.

प्लास्टिकचा मासा टिकाऊ, स्वस्त आणि सगळे सारखे. अडचण नेमकी 'सारखे' या शब्दात होती. पोकळ प्लास्टिकला बाल्साची चपळाई नव्हती. शिवाय एका तलावात हजार जण एकच हालचाल करणारा एकच मासा ओढू लागले तर बासही काही दिवसांत शहाणा होतो. त्यामुळे लोकांनी प्लास्टिकचे मासे विकत घेतले आणि ते घरी नेऊन पुन्हा एकमेकांपासून वेगळे करायला सुरुवात केली.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं टेनेसीत होतो, तेव्हा हा प्रकार जवळून पाहिला. शेजारी एक निवृत्त फिटर राहत. त्यांच्या गॅरेजात मोटार कधी उभी असल्याचं मला आठवत नाही. तिथं व्हाइस, ड्रिल आणि पाण्यानं भरलेली बादली असे. नवा ल्यूर आणला की ते आधी बदलत त्याचे गळ. मग पाण्यात ओढून पाहत. मासा डावीकडे पळाला तर नाकावरची दोरा बांधायची कडी पकडीनं केसभर उजवीकडे वाकवायची, उजवीकडे पळाला तर डावीकडे. केसभर म्हणजे खरोखर केसभर. जास्त वाकवली तर मासा गिरक्या घेतो. ओठाच्या कडा पॉलिश पेपरनं घासून कमी केल्या की वळवळ आखूड आणि जलद होते. पोटात छर्रे खुळखुळत असतील आणि तलावावर गर्दी असेल तर बारीक भोकातून गोंद सोडून ते मुके करायचे. गळ्याशी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका, हा झाला जखमेचा भास. बार्ट्रमच्या लाल चिंधीचीच ही नात म्हणायची.

बादली कशासाठी, हे मला पहिल्यांदा कळेना. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की बास सुस्त होतो. पळणाऱ्या भक्ष्याच्या मागे तो जात नाही. त्याच्या नाकासमोर मासा हवा आणि तो तिथंच थांबून राहायला हवा, वर तरंगता कामा नये, खाली बुडता कामा नये. मिसुरी आणि अर्कान्सासमधल्या ओझार्क डोंगराळ भागातल्या मंडळींनी १९८० च्या दशकात यावर युक्ती काढली होती. लुइझियानातल्या स्मिथविक कंपनीचा 'रोग' नावाचा लांबट तरंगता मासा घ्यायचा, पोटाला बारीक भोकं पाडायची, आत शिशाचे छर्रे बसवायचे आणि वरून अरल्डाइटसारखी लुकण भरायची. भोक जरा चुकलं की पोकळीत पाणी शिरलं आणि ल्यूर कामातून गेला. काही जण भोक न पाडता गळाच्या दांडीला शिशाची तार गुंडाळत. वजन किती आणि कुठं, हे ठरवायला बादली. माझे शेजारी हिवाळ्यात तलावाचं पाणी आणून त्यात थर्मामीटर सोडत. मी विचारलं, "नळाचं पाणी चालत नाही का?" ते म्हणाले, "थंड पाणी जड असतं. तुमच्या कोमट नळात जो अधांतरी राहील तो तलावात वर येईल." नव्वदच्या दशकात कारखान्यांनी आधीच वजन साधलेले असे मासे बाजारात आणले. चिकटवायच्या शिशाच्या टिकल्याही विकायला आल्या. गॅरेजातली युक्ती पाकिटात बंद होऊन परत गॅरेजात आली.

या शिशानं मात्र एक वाईट हिशेब मागे ठेवला. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे साध्या शेगडीवर. त्यामुळे घरोघर वजनं ओतली जात, बहुधा स्वयंपाकघरात आणि बहुधा मुलं आसपास असताना. त्याची धूळ आणि वाफ लहान मुलांच्या मेंदूला काय करते हे आज सर्वांना ठाऊक आहे. पाण्यात तुटून पडलेली वजनं लून नावाचा पाणपक्षी दळणाच्या खड्यांबरोबर गिळतो आणि विषबाधेनं मरतो. न्यू हॅम्पशायर राज्यानं २००० सालापासून तलावांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली, इतर काही राज्यं त्याच वाटेनं गेली. पर्याय टंगस्टनचा. तो शिशापेक्षा दीडपटीहून अधिक घन, त्यामुळे वजन लहान होतं आणि तळाचा खडक हाताला स्पष्ट कळतो. पण टंगस्टन ३४०० अंशांच्या वर वितळतो. तो कोणाच्या शेगडीवर ओतता येत नाही. विकतच आणावा लागतो. घरगुती कारखान्याचं एक खातं असं बंद होत गेलं, आणि ते बंद होणं योग्यच आहे असं मला वाटतं, जरी शेजाऱ्यांना ते मुळीच पटलं नव्हतं.

बासबरोबर हा उद्योग समुद्रापारही गेला. जपानमध्ये आशी सरोवरात १९२५ साली तेत्सुमा आकाबोशी यांनी अमेरिकेहून आणलेले बास सोडले. पुढे तिथं बासवेड्यांची मोठी जमात तयार झाली. प्लास्टिकच्या गांडुळात बारीक खिळा खुपसून त्याला डोक्यावर नाचवायची युक्ती त्यांचीच. पण बासनं तिथल्या मूळच्या माशांना खाऊन टाकायला सुरुवात केली. बिवा हे जपानचं सर्वांत मोठं सरोवर. तिथं धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला २००३ पासून मनाई झाली आणि २००५ साली देशाच्या कायद्यानं त्याला घातक परका जीव ठरवलं. टेनेसीत बास जपून परत सोडणं हा सज्जनपणा मानला जातो. रे स्कॉटनं १९७२ पासून स्पर्धांमधून तो रुजवला. बिवाच्या काठी तोच सज्जनपणा नियमभंग ठरतो.

२ जुलै २००९ रोजी याच बिवा सरोवरात मानाबू कुरिता या तरुणानं २२ पौंड ४.९७ औंसांचा बास धरला. पेरीच्या माशापेक्षा तो औंसभरानंही जड नव्हता, आणि नियमानुसार विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात. त्यामुळे ७७ वर्षांनी बरोबरी झाली, असं ठरलं. कुरिताच्या गळाला ल्यूर नव्हताच. होता एक जिवंत ब्लूगिल, आणि हा मासादेखील मूळचा अमेरिकेचाच. शिकागोच्या महापौरांनी भेट दिलेले ब्लूगिल १९६० साली तेव्हाचे युवराज आकिहितो यांनी जपानला आणले होते. २००७ साली सम्राट म्हणून बिवाच्या काठच्या शहरात बोलताना त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.